पत्रीतले नाव पाळण्यात

भाद्रपद शुद्ध चतुर्थीची सकाळ. चौरंगावर मंगलमूर्ती विराजमान झाली आहे. समईची ज्योत स्थिर तेवते आहे. गुरुजी एकेक नाममंत्र उच्चारीत आहेत आणि यजमान तबकातील एकेक पान उचलून श्रींच्या चरणी वाहत आहेत. मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि हादगा. घरोघरच्या यादीत एखाददुसरा फरक असेल. संख्या मात्र एकवीसच.

आता क्षणभर डोळे मिटून हीच यादी पुन्हा ऐकावी. ती जशी पूजेची यादी वाटते, तशीच एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबाची नामावळीही वाटते. मालती ही आपली आत्या असते, तुळसा ही गावाकडची काकू, अर्जुन हा शेजारचा मुलगा आणि जाई ही त्याची धाकटी बहीण. एके काळी जे नाव ऐकून वडीलधारी मंडळी चमकत, ते दूर्वा हे नावही आता चांगले रुळले आहे. केवडा ‘केतकी’ होऊन पाळण्यात आला. धोत्रा, रुई आणि आघाडा मात्र तबकातच राहिले. देवाला जी एकवीसही पाने सारखीच प्रिय, त्यांतील काही आपण लेकरांना दिली आणि काही दिली नाहीत. ही निवड कशाच्या आधारे झाली? आणि आज एखाद्या तरुण आईबापांनी या यादीतले अजून न रुळलेले नाव उचलले, तर घरातील वडिलांनी त्यांना अडवावे की आशीर्वाद द्यावा? पंचांगाबरोबर नावांच्या यादीचे पुस्तकही ज्या घरात उघडे आहे, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न उभा आहे.

काट्याच्या झाडाचे नाव

गतवर्षी नाशिकच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी हा प्रश्न ऐन गणेशोत्सवात उभा राहिलेला आम्ही पाहिला. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्यांना नात झाली. बाळंतिणीची प्रकृती नाजूक होती, म्हणून बारसे सव्वा महिन्यावर नेले. सूनबाई वनस्पतिशास्त्र शिकलेल्या. त्यांनी मुलीसाठी नाव योजले होते, ‘शमी’.

आजींच्या हातातली वात अर्धवट वळायची राहिली. “अगं, पोरीला काट्याच्या झाडाचं नाव? त्यातही ज्याची पानं शनीला वाहतात, त्याचं?”

“आई, उद्या गणपतीलाही आपण तीच वाहणार आहोत ना?” सूनबाई हळूच म्हणाल्या.

“देवाला वाहायचं वेगळं आणि लेकराला हाक मारायची वेगळी,” आजींनी निकाल दिला. चिरंजीवांनी “तुम्ही दोघीच काय ते ठरवा” असे म्हणून बाजाराची पिशवी उचलली.

ही कुरबूर हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. आजींच्या मनात भय होते. नाव ही जन्मभराची सोबत असते. उद्या मुलीवर काही संकट आले, तर ‘मी तेव्हा बोलले नाही’ अशी टोचणी आपल्याला लागेल, हे ते भय. सूनबाईंच्या मनातही काही थोडे नव्हते. ज्या मुलीला आपण नऊ महिने वाहिले, तिला आपण मनापासून निवडलेला एक शब्दही देऊ नये काय, हे त्यांचे दुःख. दोन्ही बाजूंना माया होती, आणि म्हणूनच तो वाद कठीण होता.

निषेध आणि लोकाचार

आजींचे थोरले बंधू संस्कृताचे निवृत्त अध्यापक. त्यांनी बहिणीच्या बाजूने थेट मनुस्मृतीच पुढे केली. तिच्या तिसऱ्या अध्यायात विवाहयोग्य कन्येची लक्षणे सांगताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी आणि सर्प यांच्यावरून जिचे नाव ठेवले आहे, तसेच जिचे नाव दास्य सुचविणारे अथवा भीती उत्पन्न करणारे आहे, अशी कन्या वरू नये असा निषेध आहे. शब्द स्पष्ट आहेत. आधार पाहिजे असणाऱ्यास याहून भक्कम आधार मिळणे अवघड.

आजी क्षणभर खूश झाल्या आणि दुसऱ्याच क्षणी गप्प झाल्या. कारण त्यांचे स्वतःचे नाव दक्षिणगंगेचे. “म्हणजे आबांनी माझं नाव नदीचं ठेवलं, तेव्हा हा श्लोक कुठं होता, दादा?” त्यांनी विचारले. दादांनाही हसू आवरेना.

वस्तुतः हा प्रश्न केवळ त्या आजींचा नाही. आपल्या परंपरेतील पूज्य स्त्रियांची नावे पाहावीत. जनकाची कन्या सीता. सीता म्हणजे नांगराने भूमीवर काढलेले तास. बलरामाची माता रोहिणी आणि पत्नी रेवती, दोन्ही नक्षत्रे. श्रीकृष्णाची एक पत्नी कालिंदी. ती तर प्रत्यक्ष यमुना नदी. आणि उद्या जिच्या पुत्राची आपण प्राणप्रतिष्ठा करणार, ती जगन्माता पार्वती, गिरिजा, शैलजा, हैमवती. साऱ्याच नावांत पर्वत उभा आहे. तिचेच आणखी एक नाव अपर्णा. शिवप्राप्तीसाठी तप करताना गळून पडलेले पानही तिने वर्ज्य केले, म्हणून ती अपर्णा. मातेने पान सोडले आणि पुत्राला एकवीस प्रकारच्या पानांची पूजा मिळाली, हा योग किती हृद्य आहे!

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आपण ऋषींचे पूजन करतो. त्यांच्या परंपरेतील नावे तर आजच्या कोणत्याही हौशी पित्याला मागे टाकतील. कश्यप म्हणजे कासव. शुक म्हणजे पोपट. तित्तिरी म्हणजे तित्तिर पक्षी, आणि त्यावरून तैत्तिरीय शाखा. मंडूक म्हणजे बेडूक, आणि त्यावरून मांडूक्य. श्वेताश्वतर या नावात पांढरे खेचर आहे. ही नावे ज्यांनी धारण केली, त्यांच्या नावे आज उपनिषदे ओळखली जातात.

पुढे गौरी येतात. अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. यांतील अनुराधा हे आपल्या कितीतरी लेकींचे नाव आहे. कोकणात कुठे तेरड्याच्या रोपांच्या गौरी येतात, तर कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या. रोप आणि खडा यांना लेक म्हणून घरात घेणारा हा समाज लेकीला रोपाचे नाव द्यायला भ्यावा, हे थोडे विसंगतच आहे. थोडक्यात, स्मृतीने निषेध नोंदविला. लोकाचाराने गंगा, यमुना, रोहिणी, मैना आणि तुळसा यांना पाळण्यात निजविले.

देवाचे नाव बरे की झाडाचे?

एक आक्षेप मात्र याहून खोल आहे आणि तो श्रद्धावंतांचा आहे. मुलाला देवाचे नाव ठेवावे, म्हणजे हाक मारतानाही आपोआप नामस्मरण घडते, असे आपले पूर्वज मानीत. श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा सर्वश्रुत आहे. आचारभ्रष्ट अजामिळाने अंतकाळी भयाने आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते, आणि त्या एका हाकेने विष्णुदूत धावून आले. ज्या घरात ही कथा आजीच्या मांडीवर ऐकलेली असते, तेथे ‘झाडाचे नाव ठेवून तुम्ही लेकराचे आणि आपलेही पुण्य घालविता’ हा आक्षेप सहज उमटतो. त्याला उडवून लावणे उद्धटपणाचे होईल.

परंतु त्याचे उत्तरही आपल्या नित्यपाठातच आहे. विष्णुसहस्रनामात न्यग्रोध, उदुंबर आणि अश्वत्थ ही तीन नावे एकापुढे एक येतात. म्हणजे वड, उंबर आणि पिंपळ. त्याच स्तोत्रात कुमुद आहे, कुंद आहे, पर्जन्य आहे, अनिल आहे. भाष्यकारांनी त्यांचे गूढार्थ लावले आहेत, हे खरे. पण भगवंतांनी ज्या शब्दांना स्वतःचे नाव होऊ दिले, ते शब्द रानातले आहेत, हेही तितकेच खरे. गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंत वृक्षांत पिंपळ, प्रवाहांत जाह्नवी, स्थावरांत हिमालय, ऋतूंत वसंत आणि पक्ष्यांत गरुड अशी आपली ओळख करून देतात. मग भाविकाने ‘अश्वत्थ’ अशी हाक मारली, तर ती देवापर्यंत पोहोचणार नाही असे कसे म्हणावे?

दत्तभक्तांच्या घरी औदुंबर हे नाव पिढ्यान्पिढ्या ठेवले जाते. ते झाडाचे नाव आहे की देवाचे, असा प्रश्न त्या घरात कधी कोणाला पडला नाही.

कसोटी कोणती?

तर मग निसर्गातील वाटेल तो शब्द उचलावा आणि नाव म्हणून ठेवावा काय? तसेही नाही. ज्या मनुस्मृतीत तो निषेध आहे, तिच्याच दुसऱ्या अध्यायात कन्येच्या नावाचे गुण सांगितले आहेत. नाव सुखाने उच्चारता यावे, ते कठोर नसावे, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, ते मनोहर व मंगल असावे, त्याचा शेवट दीर्घ स्वराने व्हावा आणि त्यात आशीर्वादाचा भाव असावा. निषेध काळाच्या ओघात मागे पडला. ही कसोटी मात्र न सांगताही टिकून राहिली. जाई पाळण्यात आली आणि आघाडा तबकात राहिला, त्याचे कारण बहुधा हेच.

आजच्या नव्या नावांना हीच कसोटी लावून पाहावी. पालवी, मृण्मयी, अवनी, रेवा, अर्णव ही नावे तीत सहज उतरतात. आजोबांनाही ती उच्चारता येतात आणि अर्थ विचारल्यास मुलाला तो सांगता येतो. याउलट काही नावे केवळ नादासाठी जुळविलेली असतात. त्यांना संस्कृतात, मराठीत वा अन्य कोणत्याही भाषेत मूळ नसते. एखाद्या यादीत ‘पहाटेचा किरण’ असा अर्थ छापलेला असतो आणि आईबाप त्यावर विसंबतात. काही नावे खरीखुरी असतात, पण इतकी जोडाक्षरी की बालवाडीतील पोराला स्वतःचे नाव सांगताना रडू यावे. नाविन्य हा दोष नाही. ज्याने ते नाव वागवायचे, त्याचा विचार न करणे हा दोष आहे. नाव ठेवण्याची हौस आईबापांची एका दिवसाची, आणि त्याचा पुकारा मुलाच्या कानी आयुष्यभर.

अर्थात नावापेक्षा माणूस मोठा होतो, हेही आपण पाहिले आहे. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून पूर्वी दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. दगड हाही निसर्गातलाच, पण कोणत्याही कसोटीला हे नाव मनोहर म्हणता येणार नाही. तथापि धोंडो केशव कर्वे या नावाच्या पुरुषाने स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा बहुमान मिळाला, आणि आज ‘धोंडो’ हा शब्द ऐकताच आपले हात जुळतात. नाव माणसाला घडविते असे म्हणतात. माणूसही नावाला घडवितो.

आधी झाड, मग नाव

पुन्हा त्या नाशिकच्या घरी जाऊ. गुरुजी पूजेला आले तेव्हा आजींनी आपली शंका त्यांच्यापुढे ठेवली. गुरुजी म्हणाले, “आजी, ‘शम्’ म्हणजे शांत करणे. शनीची पीडा शमावी म्हणून शमीची पूजा करतात. जी पीडा शमविते, ती पीडा कशी होईल? औषधाला कोणी रोग म्हणते का?” आजी विचारात पडल्या.

मग दादांनीच बहिणीची बाजू सोडून भाचसुनेची बाजू घेतली. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्याच झाडावर ठेवली होती. यज्ञातील अग्नी मंथनाने सिद्ध करावयाचा, तो शमीवर वाढलेल्या अश्वत्थाच्या अरणींतून. म्हणून शमीच्या पोटात अग्नी वसतो असे मानतात. कालिदासाने रघुवंशात गर्भवती सुदक्षिणेला आणि शाकुंतलात गर्भवती शकुंतलेला या अग्निगर्भा शमीचीच उपमा दिली आहे. शकुंतला हे नावही पक्ष्यांवरून पडलेले, कारण वनात टाकलेल्या त्या बालिकेचे रक्षण शकुंत पक्ष्यांनी केले होते. कण्वांनी ते नाव यादीतून काढले नव्हते. जे डोळ्यांनी पाहिले, त्यावरून ठेवले होते.

हे शेवटचे वाक्य आजींनी नेमके पकडले. “मग सूनबाई, तू पाहिलं आहेस का हे झाड? पुस्तकात नव्हे, उभं असलेलं?”

सूनबाई निरुत्तर झाल्या. तबकातील पत्री बाजारातून जुडी बांधून आली होती. दोघींनी मिळून ती निवडली, तेव्हा एकवीस पानांपैकी पाच-सहाच खात्रीने ओळखता आली; आणि ज्या पानावरून एवढा वाद झाला, ती शमी त्या जुडीत नव्हतीच.

आम्हांस वाटते, या प्रश्नाचे मर्म येथे आहे. निसर्गावरून नाव ठेवणे ही जुनी, पवित्र चाल आहे. पण त्या चालीच्या मागे ओळख होती. ज्यांनी लेकीला गोदावरी म्हटले, त्यांनी तिच्या पाण्याने सकाळची स्नाने केली होती. ज्यांनी प्राजक्ता म्हटले, त्यांच्या अंगणात सडा पडत होता. आज प्राजक्ता नावाच्या कितीएक मुलींनी प्राजक्ताची फुले वेचलेली नाहीत, आणि बकुळेचा गंध बकुळेला ठाऊक नाही. अंगणे गेली, ओढ्याकाठची झाडे गेली, पत्री जुडीत आली. अशा काळी झाडाचे नाव ठेवणे ही नुसती हौस राहत नाही. ते त्या झाडाशी जोडलेले नाते होते, आणि नाते म्हटले की कर्तव्य आलेच. राजस्थानात शमीलाच खेजडी म्हणतात. जोधपूरजवळील एका गावाचे नावच या झाडावरून खेजडली असे पडले आहे. तेथे १७३० साली राजाची माणसे झाडे तोडण्यास आली, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले असे सांगतात. ज्या झाडासाठी माणसांनी मान दिली, ते नाव अमंगल कसे असेल? पण ते नाव मुलीला देणाऱ्याने निदान ते झाड ओळखावे तरी!

चार नावांचे औदार्य

ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ते सारे कुटुंब गावाबाहेरच्या एका जुन्या देवळाकडे गेले. पुजाऱ्यांनी मागच्या बाजूचे झाड दाखविले. बारीक पाने, खरबरीत साल, फांद्यांवर काटे. सूनबाईंनी सांगितले की हे झाड कोरड्या जमिनीत मुळे खोल नेते आणि कडक उन्हाळ्यात, इतर झाडे निष्पर्ण असताना, त्याला नवी पालवी फुटते. आजींनी बुंध्याला हात लावला, हळद-कुंकू वाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परतताना एवढेच म्हणाल्या, “काटे आहेत, पण झाड सोशिक आहे. मुलीच्या जातीला दोन्ही लागतं.”

बारशाला आम्ही होतो. शास्त्राने अशा वेळी केवढी सोय करून ठेवली आहे, ते त्या दिवशी ध्यानी आले. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांच्या ‘धर्मसिंधु’त मुलाची चार नावे सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. ताटात तांदूळ पसरले गेले. मुलीच्या वडिलांनी सोन्याच्या अंगठीने प्रथम कुलदेवतेचे नाव लिहिले. मग महिन्याचे आणि नक्षत्राचे. आणि चौथ्या ओळीत ‘शमी’. पारस्करांच्या गृह्यसूत्रात मुलीचे नाव विषम अक्षरांचे असावे असे म्हटले आहे आणि शमीची अक्षरे तर दोन, अशी एक शंका दादांनी जाता जाता काढली. आजींनीच त्यांना गप्प केले, “सीतेची किती, राधेची किती, उमेची किती?” आत्याने बाळाच्या कानात कुर्र केले, पाठीवर धपाटे खाल्ले आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या.

ज्या घरांत असा वाद चालू असेल, त्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगावीशी वाटते. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते, पण नावासाठी घाई नको. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये नावाशिवायही जन्माची नोंद होते. नाव सर्वसाधारणपणे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. म्हणजे वडीलधाऱ्यांचे मन वळण्यास आणि तरुणांनी ते झाड शोधून काढण्यास पुरेसा अवधी आहे.

उद्या श्रींना पत्री वाहाल, तेव्हा जुडी तशीच वाहू नका. ती सोडा, पाने निवडा, घरातील लहान मुलांना एकेक पान हातात घेऊ द्या आणि त्याचे नाव मोठ्याने म्हणू द्या. एकवीसपैकी जितकी ओळखता येतील तितकी ओळखा. न ओळखलेली पुढच्या वर्षापर्यंत शोधा. मग त्यांतील एखादे नाव कोणाला आपल्या लेकरासाठी हवेसे वाटले, तर त्यास आडकाठी करू नये. मंगलमूर्तीने जे पान मस्तकी घेतले, ते पाळण्यात आल्याने घराचे अमंगल होणार नाही.

आजींच्या दारात मोठ्या कुंडीत एक रोप आता वीतभर झाले आहे. नातीला न्हाऊ घातले की उरलेले तांब्याभर पाणी आजी त्याला घालतात, आणि हाक मारतात तेव्हा नात व रोप दोघांनाही एकच नाव पुरते.